भिंतीचा फोटो

२ मार्च

फोनात लिहिणार नाही. फोनात लिहिलेलं कुठं कुठं जाऊन बसते ते मी रोज दुकानात पाहतो. बाबा तहसीलात क्लार्क, त्यांच्या ऑफिसातली ही जुनी डायरी घरी पडून होती, तीच उचलली. त्यांना विचारलं नाही. विचारायला बोलावं लागते आणि आमचं बोलणं बंद आहे. हॉस्टेलच्या भाजीत अळ्या निघाल्या, मी ताट वॉर्डनच्या टेबलावर पालथं केलं. वॉर्डनची माफी माग, कॉलेजवाले म्हणाले. अळ्या त्याच्या, माफी माझी? दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडून गावी, इचोड्याला, परत आलो. बाबांच्या मते मी माझं पुस्तकच फाडून टाकलं.

आता संतोष अन्नाच्या मोबाईल दुकानात बसतो, हायवेला लागून. लोक नवा फोन घेतात, अकाउंट मी बनवून देतो. ईमेल कोणाजवळच नसते. पासवर्ड सांगायला गेलं की म्हातारे हातच जोडतात, "तूच ठेव बापा ध्यानात." म्हणून अन्नाचा नियम असा, की सगळ्यांना पासवर्ड एकच, दुकानाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. आणि कोड येतो तो काउंटरवरच्या फोनवर. कोणाचा फोन अडला की तो दुकानात येतो, चहा होईपर्यंत मोकळा. अन्ना याला सर्विस म्हणतो. अर्ध्या गावाच्या किल्ल्या आमच्या काउंटरवर पडलेल्या असतात.

आज अर्पिता आली होती. संघपाल सरांची अर्पिता, आमच्याच गल्लीतली, माझ्या बहिणीची, प्रतिभाची, मैत्रीण. टीचरच्या परीक्षेचा क्लास करायला रोज बसनं आदिलाबादला जाते. नवा फोन घेतला.

"हर्षदीपदादा, मी पासवर्ड वेगळा ठेवू का?"

"काऊन? भरोसा नाही आमच्यावर?"

"तसं नाही जी."

"मग राहू दे हाच. विसरली त मलेच येऊन विचारशील."

हसली. दादा म्हणाली नसती तर ते हसणं मी पूर्ण ठेवून घेतलं असतं.

बरोबर चालते का पाहायला तिचं अकाउंट माझ्या फोनात टाकलं होतं. काढायचं राहिलं.

५ मार्च

अजून काढलं नाही.

९ मार्च

तिनं काढलेला फोटो थोड्या वेळात क्लाउडवर जातो आणि तिथून माझ्या फोनात उतरतो. ती बसमध्ये, मी काउंटरवर, आणि आम्ही दोघं एकच शेत पाहत असतो. नोट्सची पानं, कोपऱ्यात तिचं बोट. कापसानं फुगलेला ट्रक. तिच्या आईच्या पायाचं प्लास्टर, त्यावर कोणीतरी पेननं फूल काढलेलं. मी कोणाचं काही घेत नाही. पाहतो फक्त.

आज बसस्टँडवर अचानक भेट झाली. अचानक म्हणजे तिच्यासाठी.

१९ मार्च

माझ्या फोनची स्क्रीन तडकलेली, भेग बरोबर तिच्या चेहऱ्यावरून जाते. दुकानात डेमोचा मोठा फोन आहे, त्यावर तिचं अकाउंट उघडलं. काय दिसली! नाकावरचा घामसुद्धा. मग जेवायला घरी गेलो. परत आलो तर डेमो गायब.

"बिक गया रा," अन्ना म्हणाला. "एक बुड्ढा आया था, बडा टॉर्च होना बोला. अकाउंट तो तू पहलेच बनाके रखा था. मैं बोला अच्छा हुआ."

डेमो विकतात का? अन्नाशी भांडलो. पण भांडणाचं कारण पूर्ण सांगता येईना, म्हणून अर्ध्यात गप्प बसलो. म्हातारा काहीतरी विचारायला येईलच परत, तेव्हा पाहू.

२८ मार्च

तिच्या फोटोंमध्ये आज एक फोटो आला, तो तिचा नाही.

त्यात काहीच नाही. पांढरी भिंत, भर दुपारचं ऊन, आणि भिंतीवर एका हाताची सावली. बोटं पसरलेली. एवढंच.

अर्पिता असले फोटो काढत नाही. तिचे फोटो मी ओळखतो.

३० मार्च

विहिरीचं तोंड, वरून काढलेलं. पाणी काळं. पाण्यात वाकलेल्या माणसाचं डोकं दिसते, चेहरा दिसत नाही.

नंतर नुसता एक पाय. नंतर पुन्हा तीच भिंत, सावली आता थोडी मोठी.

क्लासमधला एखादा पोट्टा असेल. तिच्यामागं लागलेला. सापडला तर हातपाय सलामत घेऊन जाणार नाही.

१ एप्रिल

डोळा. फार जवळून. पुरुषाचा की बाईचा, कळत नाही. पापणीचे केस पांढरे आहेत. तडकलेल्या काचेतून तो डोळा माझ्याकडं पाहत होता आणि बाहेर हायवेवर ट्रक जात होते, भर उजेड, पलीकडं उसाचा रस काढणं चालू. मी फोन पालथा ठेवला. थोड्या वेळानं पुन्हा सरळ केला. काहीही असो, मी पाहिलं नाही तर तिच्यासाठी कोण पाहील?

३ एप्रिल

अर्पिता दुकानात आली. प्रतिभाला घेऊन. चेहरा उतरलेला.

"दादा, माझ्या फोनात कोणी हाय."

"कोणी म्हणजे?"

"मी क्लासमध्ये असते, फोन बॅगेत असते. बाहेर काढला की एक नवा फोटो. मी काढलाच नाही तो." तिनं भिंत दाखवली, विहीर दाखवली. डोळा दाखवताना स्वतः दुसरीकडं पाहिलं. "हा सतत पाहूनच राह्यला जी. मी कपडे बदलताना आता फोन कपाटात कोंडते."

मी पहिल्यांदा पाहतो आहे असं तोंड केलं. जमलं.

"हिले कालपासून जेवण जात नाही," प्रतिभा म्हणाली. "तुले काही येते का नाही? का नुसत्या काचा चिकटवतो?"

"तू गप बस ना."

अर्पिता हळूच म्हणाली, "अकाउंटात कोणकोणते फोन हाय ते दिसते म्हणे. क्लासमधली पोट्टी सांगत होती."

मी स्क्रीन माझ्याकडं वळवून यादी उघडली. तिचा फोन. माझा फोन. आणि तिसरा एक मोठा. ते मॉडेल मी लगेच ओळखलं. दुकानातला डेमो.

"काय दिसते?"

"एक बाहेरचा आहे," मी म्हणालो. "मी काढतो माग. तू घाबरू नको, मी आहे ना."

तिनं माझ्याकडं जसं पाहिलं, तसं याआधी कोणीच पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्या घडीला मला त्या म्हाताऱ्याचा रागच आला नाही.

६ एप्रिल

फोटोला जागा चिकटलेली असते, नकाशात दिसते. अन्नाची मोटरसायकल घेऊन गेलो. डांबरी सोडून आत, वांग्याच्या वाड्या, मग एक सुटं घर.

दारात पाय ठेवला आणि तसाच थांबलो. समोर तीच भिंत. तेच ऊन. मी जिथं उभा होतो तिथूनच कोणीतरी फोटो काढला होता. आणि माझ्याच हाताची सावली भिंतीवर पडलेली. मी हात खिशात घातला.

"या बापा! दुकानातले ना तुमी?" खाटेवरून एक म्हातारा उठला. नागोराव नाव. भाजीपाला पिकवतो, बाजारात टोपल्या घेऊन बसतो. पापण्या पांढऱ्या. "टार्च लय झकास हाय जी. हिरीत मोटर पाह्यली म्या यानं. पन कंदी कंदी दाबतो एक आन् वाजते दुसरंच."

त्यानं दाबून दाखवलं. टॉर्चऐवजी कॅमेरा उघडला, खट् झालं, फोटो निघाला. मग काय झालं ते पाहायला त्यानं फोन डोळ्याला लावला. पुन्हा खट्. एवढंच होतं ते सगळं. मला हसू यायला पाहिजे होतं.

"आन् याच्यात एक पोरगी येते," नागोराव म्हणाला.

"कोण पोरगी?"

"रोज येते. बशीत बसते, पुस्तक वाचते. कंपनीनंच देल्ली असंन. पारावरच्या लोकायलेबी दाखवली म्या. समदे म्हनतात, गुनाची दिसते."

आतून त्याची बायको, रुक्माबाई, पदराला हात पुसत आली. "म्या म्हनलं यायले, कोनाची तरी लेक हाय, उगं पाहू नोका. म्या त फडकं टाकतो त्याच्यावर. पन हे आयकत नाईत." मग माझ्याजवळ येऊन, "तिच्या मायचं प्लास्टर निंगालं ना जी? बरं झालं. पन पाच-सा दिस झाले, नवा फोटो नाई तिचा. बीमार हाय का पोरगी?"

माझं डोकं फुटलं. हे कोण तिच्या आईचं प्लास्टर पाहणारे? गावच्या पारावर तिचा चेहरा फिरवणारे? मी फोन म्हाताऱ्याच्या हातातून हिसकावला, सगळं पुसून टाकलं, ओरडलो, लोकांच्या पोरींकडं पाहता, लाज वाटत नाही का. नागोराव दोन्ही हात जोडून उभा राहिला. "चुकलं का बापा माह्यं? मले त काईच दाबता येत नाई."

रुक्माबाई मात्र घाबरली नाही. माझ्याकडं पाहत राहिली. "तुमी वयखता तिले?"

"हो."

"मंग माय, तिलेबी आमचं दिसलं असंन ना? हे हिरीत वाकलेले, हे डोये... भेली असंन पोरगी. सांगजा तिले. म्हना, म्हातारे हाय दोघं जन, कोनी वाईट नाई."

सांगतो म्हणालो. तिनं पिशवीत वांगी घातली. घेतली नाहीत.

८ एप्रिल

फोटो बंद झाले. अर्पिता आली, एकटी. मी सांगितलं, मोठी टोळी होती, बाहेरच्या राज्यातली, मुश्किलीनं हाकलली. ती म्हणाली, दादा, तुझे उपकार. चॉकलेट दिलं मला. लहान पोराला देतात तसं.

रुक्माबाईचा निरोप दिला नाही. म्हातारा सांगितला तर डेमोवर तिचं अकाउंट का उघडं होतं तेही सांगावं लागेल. आणि तिची भीती तर गेलीच आहे. मग सांगून काय होणार?

माझा फोन यादीतून काढला नाही. टोळी परत आली तर?

१४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी, निळी टिकली, बायकांच्या रांगेत पुढं. मी खीर वाटायला होतो. माझ्यासमोर वाटी धरली आणि प्रतिभाशी बोलत बोलत पुढं गेली. खीर कोण वाढून राह्यलं ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. फोटोही काढत नाही आता. तिच्या अकाउंटात नोट्सची पानं तेवढी.

२१ एप्रिल

येत नाही. काम नसल्यावर कशाला येईल? हॅकर होता तेव्हा रोज येत होती.

२३ एप्रिल

केलं.

घरी कोणी नव्हतं. आमच्या मोरीमागची भिंत, ऊन चांगलं पडलेलं. हात वर धरला, बोटं पसरली. फोटो तिच्या अकाउंटात सोडला.

एकच. त्यात काही वाईट नाही, एक भिंत आहे.

२४ एप्रिल

दुकान उघडायच्या आधी ती शटरसमोर उभी. एवढ्या उन्हाळ्यात तिचे हात थंडगार होते. मला माहीत आहे, कारण फोन देताना बोटाला बोट लागलं. "तो परत आला," एवढंच म्हणाली आणि रडली. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. दुपारपर्यंत बसली माझ्याजवळ.

असा दिवस आयुष्यात आला नव्हता.

२७ एप्रिल

संघपाल सर दुकानात आले. मला शाळेत गणित शिकवलेले सर. उभे राहूनच बोलले.

"बाळा, हे कायमचं बंद होईल अशी खात्री देशील?"

"खात्री कशी देऊ सर? क्लाउडवरचं आहे. एकदा कोणी आत शिरलं की..."

"बरोबर आहे तुझं." चष्मा काढून पुसला. "तिची आई घरात हिंडता हिंडता थांबते, मागं पाहते. आमच्या पिढीनं चोर पाहिले होते बाळा, बिनहाताचा चोर पाहिला नव्हता."

क्लास बंद केला अर्पिताचा. फोन कपाटात, किल्ली सरांजवळ. भैंशाला तिच्या मावशीनं स्थळ पाहिलं आहे, जिनिंग मिलमध्ये हिशेबनीस. परीक्षा तोंडावर आणि सर असं करतात? शिकलेले ना हे? एका फोटोपायी पोरीचं शिक्षण बंद करायचं? मी सरांना तसं तोंडावर म्हणणार होतो. म्हणालो नाही.

त्या हिशेबनिसाचं नाव शोधून काढलं पाहिजे.

२८ एप्रिल

सरांच्या फाटकापर्यंत गेलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं. म्हातारा होता सर, टोळी वगैरे काही नाही, पोरीला क्लासला जाऊ द्या. पण मग दुसरी भिंत कोणाची ते विचारतील. अंगणात अर्पिता तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं, ताटाखाली.

परत आलो. सांगितलं तर ती शिकेल आणि माझं तोंड पाहणार नाही. नाही सांगितलं तर भैंशाला जाईल आणि तरीही पाहणार नाही. सांगायचंच, पण रीत सापडली पाहिजे.

१ मे

प्रतिभा मोरीजवळ उभी होती, बादली हातात तशीच. भिंत पाहत होती.

"काय झालं?"

"काही नाही. पोपडा निघून राह्यला."

पोपडा जुनाच आहे, नकाशासारखा. ती पाहायला का लागली आता? मग तिनं हात वर केला, भिंतीजवळ नेला, खाली घेतला. उन्हानं डोकं फिरते लोकांचं.

२ मे

प्रतिभानं मला वाढलं नाही. ताट ठेवून गेली. सरांच्या घरी बसून असते दिवसभर.

५ मे

अर्पिताचा फोन कपाटात आहे, किल्ली सरांजवळ आहे. आणि आज तिच्या अकाउंटात नवा फोटो आला.

आमच्या मोरीमागची भिंत. तोच पोपडा. हाताची सावली नाही. रिकामी भिंत.

मी टाकलेला नाही.

यादी उघडली. तिचा, माझा आणि आणखी एक नवा फोन. हे मॉडेल आम्ही अर्ध्या गावाला विकलं आहे, घरोघरी आहे. कोणाचा समजू? पासवर्ड तर सगळ्यांना माहीत, सगळ्यांचा एकच. पळत घरी आलो. अंगणात कोणी नव्हतं, भिंतीवर माझी सावली तेवढी.

नागोरावचा फोन मी पुसला होता. माझ्या हातानं पुसला होता.

७ मे

फोटो: हायवेवर चहाच्या टपरीसमोर एक जण उभा आहे, पाठमोरा. निळा शर्ट, कॉलर एका बाजूनं वर.

निळा शर्ट माझा आहे. आज तोच घातला होता.

८ मे

मी चप्पल दुरुस्त करायला वाकलेलो. मी दुकानाचं शटर उचलताना. मी रस्ता ओलांडताना, डाव्या पायाला किंचित ओढून चालतो, हे मला माहीतच नव्हतं. एकाही फोटोत चेहरा नाही. सगळे मागून.

यादीत आता आणखी फोन आहेत. सगळे एकाच मॉडेलचे, एकाखाली एक. कोणी काही लिहीत नाही, धमकी नाही, शिवी नाही. फोटो येतात, बस.

टपरीवर मागं वळून पाहिलं. दोन बायका बसची वाट पाहत, एक कॉलेजची पोरगी, एक भाजीवाली. प्रत्येकीच्या हातात फोन. कोणीच माझ्याकडं पाहत नव्हतं.

९ मे

तिच्या अकाउंटचा पासवर्ड बदलायला गेलो. कोड काउंटरच्या फोनवर येतो. काउंटरचा फोन काउंटरवर नाही. अन्ना आजकाल खिशात ठेवतो.

"क्या होना रा?"

"काही नाही अन्ना."

"कोड होना तो बोल. किसका अकाउंट है, वो भी बोल."

१० मे

कोणाला सांगू? बाबांना? पोलिसांना? काय सांगू, कोणीतरी माझे फोटो काढते? कुठं पाहिले, विचारतील. दुसऱ्याच्या अकाउंटात पाहिले साहेब.

आजचा फोटो आमच्या अंगणातला आहे. दुपारी मी खाटेवर पडलो होतो. माझे तळपाय. फोटो एवढ्या जवळून काढलेला की टाचेची भेग दिसते.

घरात माय होती आणि प्रतिभा होती. दार आतून लावलेलं होतं. शेजारच्या गच्चीवरून काढला असेल. शेजाऱ्याशी भांडून आलो. तो म्हणे, बापा, आमच्या गच्चीला जिनाच नाही.

१२ मे

आज काय झालं ते क्रमानं लिहितो.

बारा वाजलेले. दुकानात अन्ना होता, दोन गिऱ्हाईकं होती. संघपाल सर आले, मागं अर्पिता, तिच्यामागं प्रतिभा. अर्पिताच्या हातात तिचा फोन, कपाटातला. मी काउंटरच्या मागं सरकलो.

"अन्ना," अर्पिता म्हणाली, "माझं जुनं अकाउंट बंद करून द्या. नवं पायजे. कोड माझ्या नंबरवर येऊ द्या आणि पासवर्ड मी टाकीन. माझी मीच ध्यानात ठेवीन."

आवाज साधा होता. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, खीर घेताना पाहिलं नव्हतं तसं. पाच दिवस झोप नाही मला, मानेवर सतत कोणी बोट ठेवून आहे असं वाटते, आणि ही इथं येऊन सहज अकाउंट बंद करते. डोकं गेलं.

"आधी ते फोटो बंद कर!" मी ओरडलो.

अर्पितानं आता पाहिलं. "कोणते फोटो, दादा?"

"नाटक नको करू. माझे. मागून काढलेले."

"ते तर माझ्या अकाउंटात हाय." फोन काउंटरवर ठेवला, बंदच होता तो. "हा कपाटात होता, बाबांनी आता काढून दिला. तुले कसे दिसले?"

पंखा फिरत होता. एक गिऱ्हाईक चार्जर हातात घेऊन तसंच उभं.

सर म्हणाले, "हर्षदीप?" वर्गात उत्तर चुकलं की विचारायचे तसं.

मग मी बोलत सुटलो. डेमो, म्हातारा, टॉर्च. विहिरीत मोटर पाहत होता सर, हॅकर नाही. त्याची बायको म्हणाली होती, पोरीला सांग, म्हातारे आहोत दोघं, भिऊ नको म्हणाव.

"कधी म्हणाली?" अर्पितानं विचारलं.

"एप्रिलमध्ये. सुरुवातीला."

तिनं त्या बाईचं नाव विचारलं. रुक्माबाई, मी म्हणालो. तिनं ते नाव हळू आवाजात स्वतःशी म्हणून पाहिलं.

"आन् मग नंतरची, सावलीवाली भिंत?"

मी नागोरावची म्हणणार होतो. प्रतिभा म्हणाली, "भिंत आपली आहे."

अन्नानं हात पुढं केला. "फोन दे." दिला. त्यानं माझ्यासमोरच माझा फोन उघडून अर्पिताच्या पुढं ठेवला. ती वर-वर सरकवत गेली. तिचे नोट्स, तिची बस, तिच्या आईचा पाय, ती स्वतः आरशात, सगळं माझ्या तडकलेल्या काचेत. तिनं काही म्हणायला पाहिजे होतं. मारायला पाहिजे होतं. मी वाट पाहत होतो. तिनं आपली बोटं ओढणीला पुसली, जणू काच चिकट होती.

सर तिच्याकडं वळले. "उद्याची बस कितीची आहे तुझी?"

"पहिलीच पकडते बाबा. लय मागं पडलं माझं."

"मावशीला मी कळवतो."

मग त्यांनी अन्नाला विचारलं, या पासवर्डचे गावात आणखी किती आहेत. अन्ना खाली पाहायला लागला.

१३ मे

दुकानातून काढलं. अन्ना शिव्या देईल वाटलं होतं. पगार हातात ठेवला आणि म्हणाला, जा. तो आता एकेकाला बोलावून पासवर्ड बदलून देतो आहे. हायवेवर म्हाताऱ्यांची रांग लागली आहे आणि त्यांना काय झालं ते कोणी नीट सांगत नाही.

बाबा आज बोलले. एवढे महिने झाले, वाटलं होतं बोलले की बरं वाटेल. म्हणाले, "तुले ताट उलटं करता येते फक्त. खरकटं कोण भरते, पाह्यलं का कधी?" आणि ऑफिसला गेले.

१९ मे

अर्पिता रविवारी गेली होती त्या वाडीवर. प्रतिभा मायला सांगत होती, मी आतून ऐकलं. रुक्माबाईनं तिला ओळखलं, म्हणे, माय, तू त खरी निंगाली. जेवू घातलं. नागोरावला तिनं टॉर्चचं बटण शिकवलं, तो दिवसभर चालू-बंद करत बसला. येताना पिशवीभर वांगी दिली तिला. आमच्या घरी आज त्याचीच भाजी होती. मी भाकर पाण्यात कुस्करून खाल्ली.

२३ मे

तिचं जुनं अकाउंट बंद झालं. माझ्या फोनात आता काही उघडत नाही, नुसतं पांढरं येते. पण बंद व्हायच्या आधी त्यात कितीतरी फोन होते, एकाखाली एक. माझ्या पाठीचे फोटो त्या सगळ्यांत उतरलेच असणार. कोणाच्या फोनात आहेत, कोणाला दाखवले, अजून काढतात का. आधी निदान दिसत तरी होतं.

ऊन उतरत नव्हतं. अंगणात खाटेवर बसलो होतो. समोर पायरीवर प्रतिभा फोन घेऊन.

"काय पाहून राह्यली?"

"तुले काऊन पायजे?"

"तसं नाही. विचारलं."

तिचा अंगठा काचेवर सरकत होता. तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता, मला तिच्या डोळ्यात छोटा चौकोन दिसत होता, आत काय ते दिसत नव्हतं. फोन दाखव, एवढं म्हणायचं होतं मला. रागानं उठलो, तिच्याकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

मग लक्षात आलं की आपली पाठ तिच्याकडं आहे. वळलो. पुन्हा खाटेवर बसलो, तिच्याकडं तोंड करून, आणि ऊन अंगणातून जाईपर्यंत तसाच बसून राहिलो.